आमची वाटचाल : तांब्या-भांडं, ऑफिसच्या टेबलावर

तांब्याच्या बाटल्या बाजारात ढिगानं मिळतात. पण तोंड अरुंद, आत हात जात नाही. मग तळाशी हिरवट थर धरतो आणि बाटली माळ्यावर जाते. पूर्वी उशाशी ठेवायचे ते तांब्या-भांडं किती शहाणं! आतून घासता येतं, आणि वर पालथं घातलेलं भांडं हेच झाकण, हाच पेला. तेच ऑफिसच्या टेबलावर शोभेल असं करायचं, एवढ्याच विचारावर आम्ही धंद्यात उतरलो.

पुण्यात राहून तांबट आळी सोडून दुसरीकडे कुठे जाणार? कसबा पेठेतल्या या आळीत त्वष्टा कासार पेशव्यांच्या काळापासून तांबं ठोकतायत. आमचा कागदावरचा तांब्या उभट, बाजूला झोकदार मूठ. आळीतल्या एका कारागीर काकांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "आधी ही मूठ काढा."

तांबं ठोकलं की ताठर होतं. घडवताना तडकू नये म्हणून मधूनमधून भट्टीत घालून मऊ करावं लागतं. वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात, मऊ व्हायला ४०० ते ६५० पुरतात. काका तापमान मोजत नाहीत, रंग बघतात. सगळ्यात शेवटी मठारकाम. घासून लख्ख केलेल्या हातोडीनं एकाला लागून एक ठोके. लोकांना ती नक्षी वाटते, पण पातळ पत्र्याला कणखरपणा येतो तो त्यानंच. तांबं किलोवर मिळतं, पत्रा पातळ चालला की तांबं कमी लागतं, म्हणजे हा सरळ पैशाचा हिशेब. आता मठारल्यावर मूठ डाखायची, म्हणजे तापवून जोडायची, तर पुन्हा जाळ लावा, की तेवढा भाग परत मऊ. आधी डाखली तर तिच्याभोवती हातोडी फिरत नाही.

मूठ गेली. तिच्याऐवजी मधोमध कंबर आवळली, मुठीत बसेल एवढी. मठारामुळे ओल्या हातातूनही निसटत नाही.

प्रदर्शनात अजूनही कुणीतरी विचारतंच, "गुळगुळीत नाही का?" काकांचं उत्तर ठरलेलं : "गुळगुळीत हवं तर स्टीलचं घ्या." आम्ही खोक्यात एक चिठ्ठी घालतो : ताक, लिंबू सरबत यात नको, घासायला चिंच आणि मीठ.

आता जेवणावळीसाठी मोठा जग करतोय. भरलेला जग एका हाताला पेलत नाही, म्हणजे मूठ आलीच. जाळ न लावता ती रिव्हेटनं ठोकली तर आतल्या बाजूला डोकी राहतात आणि त्यांच्या कडेला मळ साचतो. सध्या घोडं तिथंच अडलंय.