ओट्यावर कोणता हॉब बसवायचा?

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा ओटा यंदा नवीन केला, आणि हॉब, म्हणजे ओट्यातच बसवायची शेगडी, बघायला गेलो तर दुकानदाराचा पहिलाच प्रश्न, पाइपचा गॅस की सिलिंडर? बडोद्यात बऱ्याच घरी पाइपलाइन आली आहे पण दोन्हीचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी भोकाची तोंडं, वेगळे असतात हे मला खरंच माहीत नव्हतं. सिलिंडरच्या गॅसमध्ये उष्णता जास्त म्हणून जेटचं भोक बारीक, पाइपच्या गॅसला मोठं लागतं, आणि सिलिंडरचाच जेट ठेवून पाइप जोडला तर ज्योत नुसती मिणमिणत राहते. त्यामुळे घेतानाच सांगून ठेवा.

इंडक्शनचाही विचार केला होता. दूध, चहा पटकन होतो, पण त्यावर लोहचुंबक चिकटणारीच भांडी चालतात, म्हणून सासूबाईंनी फ्रिजवरचं लोहचुंबक काढून एकेका भांड्याच्या बुडाला लावून बघितलं. लोखंडी तवा चिकटला, अ‍ॅल्युमिनियमची कढई नाही, पितळी पातेलंही नाही, म्हणजे अर्धी मांडणी बाद! शिवाय फुलके आणि भरताचं वांगं आचेशिवाय कसं जमणार?

मग गॅसचाच घेतला, ३ बर्नरचा, आणि ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारा. दूध उतू जाऊन बर्नर विझतोच कधीतरी, म्हणून यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हो, हॉब घरी आल्यावरच ओट्याचं ग्रॅनाइट कापून घ्या. आमच्या कारागिराने आधीच अंदाजाने कापलं, एका बाजूला बोटभर फट राहिली, आता तिथे स्टीलची पट्टी लावली आहे.