घोडी स्वतःची, धडे मात्र परक्या पाठीवर

माझ्याकडे मारवाडी घोडी आहे हे कळल्यावर इंदूरमधील परिचित दोन प्रश्न विचारतात. ‘भीती वाटते तर घोडी घेतलीत कशाला?’ हा पहिला, आणि त्याला हौस याखेरीज माझ्याकडे उत्तर नाही. दुसरा प्रश्न, ज्यांचा स्वतःचा घोडा ठाणावर नुसता उभा आहे अशी माणसे जरा आवाज खाली आणून विचारतात: ‘शिकलात कुठे, आणि धीर कसा आला?’ तुम्ही तोच विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो.

माझे उत्तर ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो, कारण घाबरणाऱ्या मालकाने पहिले धडे स्वतःच्या घोड्यावर घेऊच नयेत, असे माझे ठाम मत आहे. नवशिक्याला पोक्त, रोज निरनिराळे स्वार पाठीवर घेणारा आणि त्यांची डळमळती मांड मुकाट सोसणारा घोडा हवा असतो. हौसेने घेतलेले जनावर बहुधा याच्या उलट असते. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा जो बाजार भरतो, तेथे गिऱ्हाईक भाळते ते उंचीवर, रंगावर, कानांच्या आत वळलेल्या टोकांवर आणि ढोलाच्या ठेक्यावर थिरकणाऱ्या पायांवर. वरातीसाठी तयार केलेल्या घोड्याला लगाम ताणला की पाय उचलायचे, एवढे पक्के शिकवलेले असते. घाबरलेला स्वार थांबण्यासाठी लगामच ताणतो, घोडा तो हुकूम समजून नाचू लागतो, स्वार आणखी ताणतो, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबरच वागत असतात. अशा घोड्याबरोबर पुष्कळदा काटेरी लगामही येतो. प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या 1965 च्या नियमांनी तो निषिद्ध ठरवलेला आहे. तो काढून तोंडात गुळगुळीत लोखंड घालणे हे मालकाचे पहिले काम.

शिकवणारे शोधणे इंदुरात अगदीच अवघड नाही. 2023 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत घोडेस्वारीत भारताला 41 वर्षांनी सुवर्णपदक मिळाले, त्या चमूतील सुदीप्ती हजेला याच शहरातली. मात्र कोणाचेही नाव ऐकून फी भरू नये. न कळवता सकाळी जावे, कुंपणाबाहेर उभे राहून एक पूर्ण तास पाहावा. शिरस्त्राणाशिवाय कोणाला वर चढवतात का, मे महिन्यात उन्हे चढल्यावरही घोडे राबवतात का, आणि मोठ्या वयाचा विद्यार्थी घाबरला तर उस्ताद त्याला हसतात का, इतके कळले तरी पुरे. मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हे की, मी जेथे शिकलो तेथे नवख्याच्या हाती आधी लगाम देत नव्हते. घोडा लांब दोरीवर उस्तादांभोवती गोल फिरतो, त्याला आवरण्याची जबाबदारी त्यांची असते, आणि आपण फक्त तोल सांभाळायचा. हात मोकळे राहिल्यामुळे लगामाला लोंबकळण्याची सवयच लागत नाही. दुडकी चाल सुरू झाली की माझा श्वास अडकत असे, तेव्हा उस्तादांनी मोठ्याने पाढे म्हणायला लावले. एकोणतिसाचा पाढा म्हणताना श्वास रोखून धरता येत नाही. हा उपाय पोरकट नव्हे, कारण माणसाची धास्ती घोड्यालाही लागते. स्वीडनमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या फेरीत घोड्यासमोर छत्री उघडणार असे माणसांना सांगितले गेले आणि प्रत्यक्षात ती उघडलीच नाही. तरीही माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्या घोड्यांचेही.

दरम्यान आपल्या घोडीशी ओळख जमिनीवरून करून घ्यावी. रोज स्वतः खरारा करावा आणि तिच्या डाव्या बाजूला राहून तिला चालवत न्यावे. तिची दोरी हाताला कधीही गुंडाळू नये. घोड्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण शेपटीमागचे आणि कपाळासमोरचे अगदी जवळचे दिसत नाही, म्हणून खांद्याकडून, बोलत जावे. चंदीकडेही लक्ष द्यावे. काम काही नाही आणि हरभरा भरपूर, असे असले की शांत घोडाही उड्या मारू लागतो, आणि मालक त्याला खोडकर ठरवून मोकळा होतो. अंगावर खोगीर टाकताच ती कान मागे पाडत असेल, तर धैर्याचा विचार बाजूला ठेवून आधी पाठ आणि दात पशुवैद्याला दाखवावेत. त्यासाठी महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे.

स्वतःच्या घोडीवर बसण्याचा दिवस मी ठरवला नाही, उस्तादांनी ठरवला. आधी ते स्वतः तिच्यावर बसले, मग मला लांब दोरीवर बसवले, आणि भोवती जमलेल्या नातेवाइकांना चहाला पिटाळले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आज मी चालत आणि दुडक्या चालीने तिला नेतो. चौफाल धावायला मला अजून भीती वाटते आणि त्याची घाईही नाही. रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवशी तर मी तिला फाटकाबाहेरही काढत नाही.