मराठीत क्रियापद आलं की वाक्य संपतं

मिरजेत वॉर्डात सोळा वर्षं काढली. आता संध्याकाळी नर्सिंग झालेल्या मुलींकडून ओईटीची, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठी असलेल्या इंग्रजी परीक्षेची, तयारी करून घेते. कुणाला आयर्लंडला जायचंय, कुणाला इंग्लंडला. लेखनाच्या पेपरात पाच मिनिटं केस नोट्स वाचायला मिळतात आणि पुढच्या ४० मिनिटांत १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं असतं. मुलींचं वॉर्डातलं ज्ञान पक्कं असतं, स्पेलिंगही बरं असतं. माझी लाल शाई जाते ती स्वल्पविरामांवर.

मंगळवारी एकीने लिहिलं, "शी इज अ‍ॅलर्जिक टू पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन वॉज स्टॉप्ड ऑन डे टू." तिच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पण पत्र वाचणारी नर्स 'पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन' इथवर ही अ‍ॅलर्जीची यादीच आहे असं धरून येते, 'वॉज'पाशी अडखळते आणि मागे जाऊन पुन्हा वाचते. अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच कुळातलं, म्हणून इथे निभावलं. त्या जागी दुसरं कुठलं औषध असतं तर? घाईच्या ड्यूटीत मागे जाऊन वाचायला वेळ कुणाला असतो? म्हणून मी या चुकीला व्याकरणाची किरकोळ चूक मानत नाही.

मुलींना मी आधी एक गोष्ट सांगते: ही चूक अभ्यास कमी पडल्यामुळे होत नाही, ती आपल्या कानातून येते. "बाईंना अ‍ॅलर्जी आहे, गोळी बंद केली, ताप उतरला, घरी सोडलं." मराठीत यात काहीच बिघडलेलं नाही. आपलं क्रियापद शेवटी येतं. 'आहे', 'केली', 'उतरला' कानावर पडलं की तो तुकडा मिटला हे कळतं, मग पुढे स्वल्पविराम असो की पूर्णविराम. मोडीत तर शब्दांमध्ये जागाही सोडत नसत, तरी दफ्तरंच्या दफ्तरं लिहिली आणि वाचली गेली. इंग्रजीत क्रियापद मधेच येऊन जातं आणि त्याच्यामागून काय, कुठे, कधी असं कितीही येत राहतं. वाक्य कुठे संपलं हे कानाला कळत नाही. ते काम पूर्णविरामालाच करावं लागतं.

वर्गात आम्ही आयकार्ड वापरतो. स्वल्पविरामाच्या उजवीकडचं झाकायचं आणि वाचायचं, मग डावीकडचं झाकायचं. दोन्ही बाजू एकेकट्या पूर्ण वाक्य म्हणून उभ्या राहिल्या तर नुसता स्वल्पविराम पुरत नाही. तिथे पूर्णविराम द्या, नाहीतर स्वल्पविरामापुढे 'अँड', 'बट', 'सो' यांतलं एखादं घाला, नाहीतर अर्धविराम द्या. काहीजणी दोन वाक्यांमध्ये काहीच देत नाहीत: "शी लिव्ह्ज अलोन हर सन वर्क्स इन दुबई." त्यावरही इलाज तोच.

सगळ्यांत जास्त फसवतो तो 'हाउएव्हर'. "द वूंड वॉज हीलिंग वेल, हाउएव्हर, शी हॅड फीव्हर ऑन संडे." अर्थ 'बट'चा, म्हणून मुली त्याला 'बट'सारखंच वापरतात. पण 'बट' दोन वाक्यं जोडतो, 'हाउएव्हर' जोडत नाही. त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा आणि नंतर स्वल्पविराम. 'देअरफोर'चंही तसंच.

एवढं कळलं की काही मुली प्रत्येक ठिकाणी पूर्णविराम ठोकतात आणि पत्र औषधांच्या चार्टसारखं तुटक होतं. तेव्हा मी म्हणते, आधी मराठीत सांग. मंगळवारच्या मुलीला विचारलं, तर ती चटकन म्हणाली, "मॅडम, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्यामुळे बंद केलं." अगं, मग तो 'असल्यामुळे' कुठे गेला? तुझ्या स्वल्पविरामाने तोच गिळला होता. तिने पुन्हा लिहिलं, "अमॉक्सिसिलिन वॉज स्टॉप्ड ऑन डे टू बिकॉज शी इज अ‍ॅलर्जिक टू पेनिसिलिन." आता दोन औषधं लांब गेली, कारण स्पष्ट झालं आणि स्वल्पविरामाची गरजच उरली नाही. आपल्या 'करून', 'झाल्यावर', 'म्हणून' यांच्यात जे नातं असतं ते इंग्रजीत 'आफ्टर', 'व्हेन', 'बिकॉज'मध्ये उतरवता येतं. मुलींना हे नातं माहीत असतंच. इंग्रजी लिहिताना ते सुटून जातं.

काल रात्री तिने नवं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. दोन परिच्छेद स्वच्छ आहेत, वाचून फार बरं वाटलं. शेवटच्या ओळीत फक्त एक लाल गोल केलाय: "हर डॉटर विल कलेक्ट हर अ‍ॅट टेन, प्लीज कॉल बिफोर दॅट." आज वर्गात आली की आयकार्ड तिच्याच हातात देणार आहे.