हुशार असता ना तुम्ही लोक?

मी मराठीत स्टँडअप करतो. शो संपल्यावर बाहेर चहाच्या काउंटरपाशी चार जण थांबतात. दोघांना सेल्फी हवा असतो, एकाला पार्किंगचं विचारायचं असतं आणि चौथा हमखास म्हणतो, “काय सुचतं हो तुम्हाला! खूप हुशार असता ना तुम्ही लोक?”

दरवेळी मी ‘छे हो’ म्हणून हसतो. तो विनय समजला जातो आणि हुशारीच्या खात्यात आणखी थोडी भर पडते. त्यामुळे तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहितो: नाही. काही जण असतीलही, पण तुम्हाला जे बघून तसं वाटलं, ते बघून तरी तसं समजू नका.

कारण तुम्हाला काय बघून वाटलं ते मला माहीत आहे. महिनोन्महिने घासलेल्या जोकवर तुम्ही हसता, पण घरी जाताना बोलता ते क्राउडवर्कबद्दल. पहिल्या रांगेतल्या एखाद्याला ‘काय करता?’ विचारायचं आणि तो काही बोलला, की तिथल्या तिथे त्याची टोपी उडवायची. “त्या माणसाला कसला धुतला! आणि सगळं आयत्या वेळी!”

आयत्या वेळी काही नसतं. क्राउडवर्क म्हणजे दहावीचा अपेक्षित प्रश्नसंच. पुण्यात पहिल्या रांगेला ‘काय करता?’ विचारलं, तर उत्तरं येऊन येऊन येणार किती? आयटी, सीए, एमपीएससीची तयारी, स्वतःचा व्यवसाय (म्हणजे वडिलांचा), निवृत्त. प्रत्येकाचं उत्तर खिशात तयार असतं. सीए असेल तर, “आजचं तिकीट कुठल्या खर्चात दाखवणार?” निवृत्त बँक अधिकारी असतील तर, “मग आता जेवणाची सुट्टी संपली म्हणायची.” एमपीएससीवाल्याला जोक मारावाच लागत नाही. चेहरा गंभीर करून “अच्छा, कितवा अटेम्प्ट?” एवढंच विचारायचं. यात विनोद कुठे आहे ते मलाही नीट सांगता येणार नाही, पण सदाशिव पेठेच्या आसपास यावर हमखास हशा पिकतो.

जोडप्याला विचारायचं, “लग्नाला किती वर्षं झाली?” यात एकच पथ्य, नवऱ्याला विचारायचं. तो आकडा सांगतो, ती त्याच्याकडे बघते, आणि पुढचं मिनिट मला काम नसतं.

यातली खरी कारागिरी उत्तरात नसून उत्तराच्या आधी आहे. पंच, म्हणजे हसवणारं शेवटचं वाक्य, तयार असतो, तरी अर्धा क्षण थांबायचं. थोडं छताकडे बघायचं, माइक तोंडापासून जरासा लांब न्यायचा, ‘हं’ म्हणायचं. म्हणजे तुम्हाला वाटतं, की गडी विचार करतोय. मला इंजिनियरिंग चार वर्षांत जमलं, हा थांबा जमायला त्याहून जास्त वेळ लागला.

आणि शब्दांची जागा. आम्ही प्रत्येक सेट (म्हणजे स्टेजवर एका दमात जे बोलतो ते) मोबाइलवर रेकॉर्ड करतो आणि रात्री घरी ऐकतो. स्वतःचा आवाज, मध्ये ग्लास पडल्याचे आवाज, आणि जिथे हशा यायला हवा होता तिथे एकाच माणसाचा खोकला. आयटीवाला ‘हिंजवडी’ म्हणाला, की मी म्हणायचो, “म्हणजे आजच्या शोसाठी तुम्ही मंगळवारीच घरून निघाला असाल ना?” लोक हसायचे, पण ओशाळल्यासारखे. चूक कुठे होतेय ते ऐकता ऐकता सापडलं. हसवणारा शब्द ‘मंगळवारी’ आणि त्याच्यावर ‘घरून निघाला असाल ना’ची गोधडी पडलेली. मराठीत क्रियापद शेवटी बसतं, त्यामुळे पंच नेहमी त्याच्याखाली चेंगरतो. मग वाक्य उलटवलं. “हिंजवडी? निघालात कधी? मंगळवारी?” तोच जोक, तोच मी, आणि हॉल डोक्यावर. माझी बुद्धी त्या रात्रीत वाढली नव्हती, फक्त मंगळवार शेवटी सरकला होता.

तेव्हा तुम्ही जे बघता ती स्मरणशक्ती, तालीम आणि थोडी लबाडी. आपल्याकडे तमाशातले सोंगाडे हेच करत आले. बतावणीतले सवाल-जवाब ठरलेले असायचे, त्यात आजच्या गावाचं नाव आणि ताजी भानगड बसवली, की लोकांना वाटायचं, आत्ता सुचलं! फरक एवढाच, की सोंगाड्या बावळटाचं सोंग घ्यायचा. ‘गाढवाचं लग्न’मध्ये दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार बघून कुणी ‘हुशार असता ना तुम्ही लोक’ म्हणत त्यांच्यामागे गेलं नसणार. आम्ही काळा टीशर्ट आणि चष्मा घालून हुशाराचं सोंग घेतो. ते वठलं, की लोक सोंगाला सोंग म्हणत नाहीत, इतकंच.

आता शास्त्र काय म्हणतं? तुम्ही डनिंग-क्रुगर हे नाव ऐकलं असेल, निदान सोसायटीच्या ग्रुपवर एकमेकांना मारलेलं बघितलं असेल. ज्याला एखादी गोष्ट जमत नाही, त्याला ती जमत नाही हेही कळत नाही, असा त्याचा मथितार्थ. १९९९ साली जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग या कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी तो निबंध लिहिला. पण त्यातला पहिलाच प्रयोग गणिताचा किंवा तर्काचा नव्हता, विनोदाचा होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

त्यांनी ३० जोक जमवले आणि व्यावसायिक विनोदवीरांना पाठवले, ‘कुठला किती हसवतो त्याला गुण द्या’ म्हणून. आठ जणांनी गुण दिले. मग तेच जोक ६५ विद्यार्थ्यांना दिले आणि त्यांचे गुण विनोदवीरांशी किती जुळतात ते बघितलं. शिवाय प्रत्येकाला विचारलं, विनोद ओळखण्यात तू इतरांच्या तुलनेत कुठे बसतोस? सगळ्यात खालचा जो गट होता, तो शंभरात साधारण बाराव्या पायरीवर होता. त्यांना स्वतःला वाटत होतं, की आपण अठ्ठावन्नाव्या पायरीवर आहोत. लग्नात माइक हातात घेऊन नवरदेवाच्या शाळेतले किस्से सांगणारा मित्र तुम्हाला आठवला असेल, तर तोच.

माझा जीव मात्र दुसरीकडे अडकला. त्या आठ विनोदवीरांपैकी एकाचे गुण बाकी सातांशी जुळेचनात. म्हणजे थोडेफार इकडेतिकडे नव्हे, मेळच बसेना. मग संशोधकांनी काय केलं? त्याला काढून टाकलं. सात जणांचा निकाल धरला आणि पुढे गेले. निबंध गाजला, २००० साली त्याला इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीचं पारितोषिक) मिळालं, आणि तो आठवा माणूस दोन ओळींत संपला. पोटापाण्यासाठी विनोद करणारा गृहस्थ, आणि विनोद कळण्याच्या परीक्षेत परीक्षक म्हणून नापास! सहकाऱ्यांचा सेट पडद्यामागून ऐकताना, सगळा हॉल हसतोय आणि मला कळत नाहीये की कशावर, अशा वेळी मला तो फार जवळचा वाटतो. विनोदवीरांना निदान विनोद तरी कळत असेल, याचीसुद्धा खात्री नाही. हुशारी फार पुढची गोष्ट.

पण हा प्रश्न तुम्ही एखाद्या शिक्षिकेला विचारत नाही, मलाच विचारता. याचं कारण मला वाटतं प्रसिद्धी आहे. माझी बेताचीच आहे. मला ओळखणारे म्हणतात, “तुम्हाला कुठेतरी पाहिलंय.” मग ते आठवू लागतात आणि मी थांबतो. आजवर मी गॅस एजन्सीवाला, कुणाचा तरी मेहुणा, आणि एकदा ‘पोटाच्या ऑपरेशनला होते ते डॉक्टर’ झालोय. सेल्फी काढून झाल्यावर “नाव काय म्हणालात?” विचारणारे तर पुष्कळ. नातेवाइकांचा हिशेब आणखी सोपा: ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्ये दिसलो तर प्रसिद्ध, नाहीतर अजून धडपड चालू आहे. तिथे स्किट असतात आणि मी एकटाच उभा राहून बोलतो, हे मावशीला समजावणं मी सोडून दिलंय.

तरी या बेताच्या प्रसिद्धीनेही गंमत केली. मध्यंतरी माझी एक क्लिप जरा फिरली, तीच हिंजवडीची. लगेच एका पॉडकास्टवाल्यांनी बोलावलं. दोन खुर्च्या, दोन माइक, मागे एक प्लास्टिकचं झाड. मला वाटलं, विनोदावर बोलू. पहिलाच प्रश्न आला, “एआयमुळे मानवजातीचं भवितव्य काय?” आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टचं भवितव्य काय ते मला सांगता येत नाही. पण समोर दिवे होते आणि तो मान डोलावत होता, म्हणून सवयीने छताकडे बघितलं, ‘हं’ म्हटलं आणि काहीतरी बोललो. आठवड्याने त्या ‘काहीतरी’ची क्लिप आली, मागे हळवा पियानो लावून. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘किती खोल विचार!’ तो विचार नव्हता. तो तोच अर्ध्या क्षणाचा थांबा होता.

याच्या उलट बाजूचा किस्सा ऐका. मॅरिलिन वॉस सावंत या अमेरिकन बाईंचं नाव सगळ्यात जास्त बुद्ध्यांकासाठी गिनीज बुकात होतं (पुढे गिनीजने तो विक्रमच बंद केला, तेही बरंच झालं). त्या ‘परेड’ नावाच्या साप्ताहिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायच्या. १९९० साली कुणीतरी विचारलं: तीन दारं आहेत. एकामागे मोटार, दोघांमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडलं. मोटार कुठे आहे हे माहीत असलेल्या सूत्रधाराने उरलेल्या दोनपैकी बकरीचं दार उघडून दाखवलं आणि विचारलं, बदलायचंय का? बाईंनी सांगितलं, बदला, जिंकण्याची शक्यता दुप्पट होते. उत्तर बरोबर होतं. त्यावर त्यांना सुमारे दहा हजार पत्रं आली, त्यांतली बरीच त्यांना चुकीचं ठरवणारी, आणि हजाराच्या आसपास पत्रलेखक पीएचडीवाले. काहींनी तर चक्क अक्कल काढली.

म्हणजे विक्रमी बुद्ध्यांकाची बाई बरोबर बोलली तर दहा हजार पत्रं, आणि मी प्लास्टिकच्या झाडासमोर ‘हं’ म्हटलं तर खोल विचार. माझ्याकडे जे आहे ते हुशारीच्या कामाचं नाही आणि हुशारांकडे जे आहे ते रीलच्या कामाचं नाही, बास.

रीलवरून आठवलं, तुम्हाला मोबाइलवर आमचं क्राउडवर्कच का दिसतं, त्यालाही साधं कारण आहे. लिहिलेला जोक एकदा इंटरनेटवर टाकला, की जळला. जो माणूस ४९९ रुपये देऊन येतो, त्याला फुकट ऐकलेला जोक परत नको असतो. क्राउडवर्क आजच्या माणसाबरोबर झालं आणि संपलं असं दिसतं, ते टाकायला काही जात नाही. म्हणून आम्ही तेच टाकतो, तुम्ही तेच बघता, आणि आम्ही दिवसभर असेच बोलत असू असं तुम्हाला वाटतं. घरी बायकोने काही विचारलं तर मला अर्धा क्षण नाही, अर्धा दिवस लागतो.

याचा एक भलताच परिणाम झालाय. आता पहिली रांगसुद्धा तयारी करून येते. परवा एकाला विचारलं, “काय करता?” म्हणाला, “मी चंद्रावर एनए प्लॉट विकतो.” शेजारच्या मित्राचा मोबाइल आधीच वर. त्यांना तिकीट वसूल करायचं नव्हतं, क्लिप करायची होती. त्याचंही आयत्या वेळचं पाठ, माझंही पाठ, आणि मधे बसलेले दोनशे लोक दोन पाठांतरांचा सामना बघतायत. जुनं सुभाषित आहे ना, ‘घटं भिन्द्यात् पटं छिन्द्यात् कुर्याद्रासभरोहणम्, येन केन प्रकारेण प्रसिद्धः पुरुषो भवेत्’. मडकं फोडा, कपडे फाडा, गाढवावर बसा, पण प्रसिद्ध व्हा. यात रीलच्या तीन कल्पना आहेत आणि तिन्ही आजही चालतील.

सांगलीच्या शोला तिसऱ्या रांगेत एक आजी होत्या. मांडीवर पिशवी, चेहरा स्थिर. अख्खा हॉल हसत होता आणि त्या मी भिंत असल्यासारख्या माझ्याकडे बघत होत्या. शेवटी मी विचारलं, “आजी, तुम्ही हसत नाही?” त्या म्हणाल्या, “हसू आलं की हसीन की.”

त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा तो. थांबा नाही, छताकडे बघणं नाही, आणि मंगळवार अगदी योग्य जागी. यावरचं उत्तर माझ्या संचात नव्हतं, म्हणून मी पाणी प्यायलो.

याच प्रश्नाची एक जात वडिलांची असते. सगळे पांगेपर्यंत ते बाजूला उभे राहतात, मग हळूच येतात. “आमचा मुलगा हे करायचं म्हणतोय. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. याला डोकं लागत असेल ना?” तो सुरात काळजी असलेला ‘ना’ मला चांगला ओळखता येतो, माझ्याही घरी होता. काका, डोकं लागतं, पण तुम्ही समजता ते नाही. त्याला ओपन माइकला, म्हणजे कुणालाही स्टेजवर उभं राहू देतात तिथे, पाठवा. चार मिनिटं मिळतील, वेळ संपत आली की मागून कुणीतरी टॉर्च दाखवेल, आणि बहुतेक टॉर्च लागेपर्यंत कुणी हसलेलं नसेल. घरी येऊन त्याने ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं, तर काळजी करा, कारण मग तो थांबणार नाही. नाही ऐकलं, तर इंजिनियर होईल.

तुम्ही मात्र त्या दिवशी जाऊ नका. गेलातच तर पहिल्या रांगेत बसू नका. आणि बसलातच तर निदान बँकेतून निवृत्त झालोय असं सांगू नका.