हाड जुळलं, पण हात वर जाईना

गेल्या पावसाळ्यात ओल्या लादीवर पाय सटकला आणि मी धाडकन उजव्या खांद्यावर आपटले. एक्सरेत दंडाचं हाड अगदी वर, खांद्याच्या गोळ्याखाली मोडलेलं दिसलं. ऑर्थोच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून सांगितलं, तुकडे १ सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकले असते किंवा ४५ अंशांपेक्षा जास्त वाकले असते तर ऑपरेशनचा विचार केला असता, तुमचं जागेवर आहे, हात गळ्यात अडकवायच्या पाऊचमध्ये ठेवा आणि परत दाखवायला या. प्लास्टर नाही म्हटल्यावर सासूबाईंना वाटलं काहीतरी किरकोळच आहे, शेजारी सगळ्यांना "मुका मार लागलाय" म्हणून सांगत होत्या.

सुरुवातीचे दिवस कसे गेले ते विचारू नका. आडवं झालं की ठणका, त्यामुळे पलंगाला टेकून अर्धवट बसूनच झोपायचं आणि कोपराखाली उशी, म्हणजे कोपर मागे पडत नाही (ही उशी विसरलात तर रात्री दोन वाजता आठवण होतेच). काळंनिळं खांद्यापासून उतरत उतरत कोपरापर्यंत आलं तेव्हा मी घाबरून फोन केला, पण ते साकळलेलं रक्तच असतं, खाली खाली उतरतं आणि मग पिवळं पडून जातं. कपडे म्हणजे नवऱ्याचे शर्ट. बाहीत आधी दुखरा हात घालायचा आणि काढताना तो सगळ्यात शेवटी काढायचा, एवढं एक लक्षात ठेवलं की निम्मी रडारड वाचते. बोटांची मूठ उघडझाप, मनगट फिरवणं, कोपर सरळ करून वाकवणं हे पहिल्या दिवसापासूनच करायला सांगितलेलं होतं, नाहीतर मोडलाय खांदा आणि आखडतं कोपर.

दोन-तीन आठवड्यांनी ठाण्यातच नौपाड्यात एका फिजिओकडे जायला लागले. माझ्या मुलीच्या वयाची पोरगी, पण आवाज हेडमास्तरणीचा. पहिला व्यायाम पेंड्युलम, कागदावर कॉडमन असं पण लिहितात, त्या नावाचे अमेरिकन सर्जन होते. डावा हात टेबलावर टेकवून कमरेतून वाकायचं, उजवा हात नुसता लोंबू द्यायचा आणि अंग पुढेमागे हलवायचं की हात आपोआप झुलतो. सगळी गंमत त्या आपोआपमध्ये आहे. हात आपण हलवायचा नाही. खांद्याभोवती रोटेटर कफचे चार स्नायू असतात, त्यातले तीन त्या हाडाच्या वरच्या उंचवट्याला चिकटलेले, म्हणजे आपण स्वतःहून हात उचलायला गेलो की ते स्नायू न जुळलेल्या तुकड्यालाच ओढणार. हे तिने समजावलं तेव्हा "हात उचलू नका, उचलू नका" असं सगळे का ओरडतात ते कळलं. आणि हो, बगल धुवायची असेल तर ह्याच पोझिशनमध्ये, पावसाळ्यात पाऊचच्या आत जे काय होतं ते बायकांना सांगायला नको.

मग उताणं झोपून डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरून वर न्यायचं, मॉपची दांडी दोन्ही हातात धरून तेच, दाराला कप्पी अडकवून दोरी ओढायची, सगळीकडे काम डाव्याने करायचं आणि उजव्याने फुकट प्रवास करायचा. दहा-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. कंटाळा येतो, खोटं कशाला बोला, मी टीव्हीसमोर करायचे.

खरी परीक्षा सहा आठवड्यांनंतर. एक्सरे बघून डॉक्टर म्हणाले हाड मस्त जुळतंय, आता स्वतःहून हात उचला. मी उचलला तर हात छातीच्या जरासा वर आणि खांदा थेट कानाला. फिजिओ म्हणाली, "काकू, हात नाही, खांदा उचलताय तुम्ही." तिने मला आरशासमोर उभं केलं आणि मागून पाठीच्या फऱ्यावर, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडावर, बोट ठेवून दाखवलं. हात पूर्ण वर नेला की १८० अंश होतात, त्यातले साधारण १२० खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० फऱ्याच्या हालचालीतून. माझा सांधा आखडलेला, म्हणून फरा बिचारा आपल्या वाटणीपेक्षा जास्त काम करून वेळ मारून नेत होता. त्यात मला शुगर, आणि शुगरवाल्यांचा खांदा जास्त आखडतो.

त्या दिवसापासून कपाटाच्या आरशासमोर व्यायाम. हात फक्त तिथपर्यंत न्यायचा जिथे खांदा कानाकडे निघतो, तिथे थांबायचं, खांदा खाली सोडायचा आणि मग अजून थोडं. फ्रीजशेजारच्या भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम होता, तिथे पेन्सिलीने खुणा करायचे. आरसा आल्यावर खुणा एकदम वीतभर खाली आल्या, नवरा म्हणाला अगं उलटं चाललंय की, पण ह्या खुणा सांध्याच्या होत्या आणि आधीच्या फऱ्याच्या. त्यानंतर त्या जेवढ्या वर सरकल्या तेवढ्या परत खाली आल्या नाहीत.

दुखण्याबद्दल तिचा हिशोब सोपा होता, व्यायाम करताना ओढ लागली आणि थोड्या वेळात शांत झालं तर चालेल, पण रात्रभर ठणकत राहिलं तर दुसऱ्या दिवशी कमी करा, बंद नाही, कमी. आधी शेक, नंतर बर्फ. मशीनचा करंट पण देतात, मुंग्या येतात, बरं वाटतं, पण माझं मत विचाराल तर हात जो सुटला तो दांडीने आणि भिंतीने सुटला.

हालचाल परत येण्याचा क्रम असतो हे आधी कोणी सांगितलं असतं तर माझा बराच जीव वाचला असता. हात समोरून वर जाणं सगळ्यात आधी आलं. मग बाजूने. मग कोपर कमरेला चिकटवून पंजा बाहेर नेणं, हे बगलेत टॉवेलची घडी धरून करायचं, घडी पडली की कोपर सुटलं समजायचं. गणपतीत आरतीला टाळ्या वाजल्या, पण ताट डाव्याच हातात. दिवाळीच्या सुमारास केसांना क्लिप लावता आली आणि मी दिवसभर उगाचच केस सोडून परत बांधत होते.

ऑफिस ऐरोलीला. ठाण्याहून ट्रान्सहार्बरची लोकल पकडायची तर नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मच्या गर्दीत उजवी बाजू भिंतीकडे ठेवून उभी राहायचे, आणि डब्यात वरचं हँडल कायम डाव्या हाताने. उजवा हात हँडलपर्यंत पोचायला लागला त्यानंतरही फिजिओने लोंबकळायला मनाई केली होती, कारण पोचणं वेगळं आणि झटका सोसणं वेगळं. ताकदीचे व्यायाम तीन महिन्यांनंतर सुरू झाले, थेराबँड म्हणजे ताणायची रबरी पट्टी दाराच्या कडीला बांधून ओढायचा आणि भिंतीवर पुशअप. आता भरलेला कुकर उतरवते, कणीक मळते.

राहिलंय ते पाठीमागे हात नेणं. तेच सगळ्यात शेवटी येतं म्हणतात आणि वर्षभर हळूहळू सुधारत राहतं. ओढणी पाठीमागून धरून डाव्याने वर ओढायची, उजवा मागे मागे सरकतो, सध्या परकराच्या नाडीच्या जरा वर पोचलाय. ब्राचा हुक पुढून लावून फिरवायची सवय झालीये. पाठीला चेन असलेले ड्रेस मात्र सगळे कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकलेत, तिथे हात पोचतो आता आरामात.