स्क्रूज नेमका कधी बदलतो?

चार्ल्स डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल' या पुस्तकात एबनीझर स्क्रूज या लंडनच्या कंजूष व्यापाऱ्याला नाताळच्या आदल्या रात्री आधी मार्ली या मेलेल्या भागीदाराचे भूत आणि मग भूतकाळ, वर्तमान व भविष्य दाखवणारी तीन भुते भेटतात. त्यावर बेतलेल्या चित्रपटांची तुलना निघाली की बोलणे बहुधा भुतांवर, धुक्यावर आणि बर्फावर येऊन थांबते. कोणाचा मार्ली अधिक भयानक, कोणाचे लंडन अधिक खरे, कोणता टायनी टिम (स्क्रूजच्या कारकुनाचा पंगू मुलगा) डोळ्यांत पाणी आणतो, अशी ती चर्चा असते. दर डिसेंबरात यांतले दोन-तीन चित्रपट मी पुन्हा पाहतो, आणि पाहताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न असतो: हा एबनीझर स्क्रूज नेमका कधी बदलतो आणि कशामुळे बदलतो? या प्रश्नाला दिग्दर्शकाने आणि नटाने काय उत्तर दिले, यावर माझी आवडनिवड ठरते.

आपल्याकडे रंगभूमीवरचा कंजूष म्हटले की आचार्य अत्र्यांचे 'कवडीचुंबक' आठवते. ते मोलिएरच्या नाटकावर बेतलेले असून त्यातला कृपण अखेरपर्यंत कृपणच राहतो. त्याची गंमत त्यातच आहे. स्क्रूजची जात निराळी आहे. त्याची कंजुषी पहिल्या काही पानांतच सांगून संपते आणि उरलेली गोष्ट एका रात्रीत झालेल्या पालटाची आहे. हा पालट पटला नाही, तर भुते कितीही उत्तम वठवलेली असोत, चित्रपट फसला असे मी समजतो.

पुस्तकात हा पालट शेवटी स्क्रूजला स्वतःचे थडगे दिसते तिथे होत नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पहिले भूत स्क्रूजला त्याच्या शाळेत घेऊन जाते. सुट्टीत सगळी मुले घरी गेलेली असताना एकटाच मागे राहिलेला मुलगा आपणच, हे पाहून तो रडतो, आणि संध्याकाळी दारापाशी गाणे म्हणणाऱ्या पोराला काहीतरी द्यायला हवे होते, असे त्याला लगेच वाटते. तरुणपणीचा मालक फेझिविग याची मेजवानी पाहताना त्याला आपला कारकून बॉब क्रॅचिट आठवतो. दुसऱ्या भुताबरोबर बॉबच्या घरी गेल्यावर टायनी टिम जगेल का, असे तो स्वतःहून विचारतो. तिसरे भूत समोर येईपर्यंत आपण आता वेगळा माणूस होऊ इच्छितो, हे त्याने बोलूनही टाकलेले असते. म्हणजे त्याला हलवते ती आठवण आणि शरम. मरणाची भीती मागाहून येते आणि त्या निर्धारावर शिक्का मारते. हे ज्यांनी ओळखले ते चित्रपट आणि ज्यांनी सगळा भार थडग्यावर टाकला ते चित्रपट, अशी माझ्यापुरती सरळ विभागणी आहे.

दुसरी कसोटी रागाची आहे. डिकन्स बारा वर्षांचा असताना त्याचे वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात होते आणि तो स्वतः बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात राबत होता. १८४३ साली लंडनमधल्या गरीब मुलांच्या शाळेची दैना आणि बालमजुरीवरचा सरकारी अहवाल यांनी तो अस्वस्थ झाला, आणि त्या अस्वस्थतेतून हे पुस्तक अवघ्या काही आठवड्यांत लिहून १९ डिसेंबरला बाजारात आले. पहिल्या आवृत्तीच्या ६००० प्रती नाताळापूर्वीच संपल्या. किंमत होती पाच शिलिंग, आणि बॉबचा आठवड्याचा पगार पंधरा शिलिंग. म्हणजे बॉबसारख्याला हे पुस्तक घ्यायचे तर आठवड्याच्या कमाईचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता. देणगी मागायला आलेल्यांना स्क्रूज विचारतो की तुरुंग नाहीत का, वर्कहाऊस (गरिबांना ठेवून राबवून घेणारी आश्रयगृहे) बंद पडली का. आणि तिथे जाण्यापेक्षा जे मरण पत्करतील त्यांनी मरावे, तेवढीच जादा लोकसंख्या कमी होईल, असेही सुनावतो. टिमबद्दल त्याने विचारताच दुसरे भूत हेच शब्द त्याच्या तोंडावर फेकते. त्याच भुताच्या झग्याखालून पुढे 'अज्ञान' आणि 'गरज' ही दोन खंगलेली मुले बाहेर येतात. पुस्तकाचा चित्रकार जॉन लीच याने त्यांचे चित्र काढले तेव्हा मागे कारखान्यांची धुराडी दाखवली होती. ही मुले गाळली की गोष्टीतला राग जातो आणि मागे नुसता गोडवा उरतो.

पडद्यावरचा प्रवास फार जुना आहे. १९०१ साली वॉल्टर बूथने ब्रिटनमध्ये केलेल्या काही मिनिटांच्या मूकपटात दाराच्या कडीवर मार्लीचा चेहरा उमटतो, आणि एकावर एक चित्रण करण्याची ती करामत आजही पाहण्यासारखी आहे. १९३५ च्या ब्रिटिश बोलपटात सेमोर हिक्सचा स्क्रूज अस्सल खडूस आहे. एरवी तो चित्रपट आता थकलेला वाटतो. १९३८ चा एमजीएम या हॉलीवुड कंपनीचा चित्रपट मात्र माझ्या कसोटीवर सपशेल नापास होतो. त्यात 'अज्ञान' आणि 'गरज' नाहीत, मेलेल्या स्क्रूजचे पडदे आणि कपडे विकणारे चोर नाहीत, आणि रेजिनाल्ड ओवेनचा स्क्रूज दुसऱ्या भुताबरोबर फिरतानाच इतका खुलतो की पुढे त्याला बदलायला काही शिल्लकच राहत नाही. क्रॅचिट पतिपत्नीच्या भूमिका जीन आणि कॅथलीन लॉकहार्ट या खऱ्या नवरा-बायकोने केल्या असून त्यांची मुलगी जून हिनेही त्यातच पडद्यावर पाऊल ठेवले. ते घर उबदार आहे. अडचण एवढीच की ते गरीब वाटत नाही.

माझ्या यादीत सर्वांत वर आहे तो १९५१ चा, ब्रायन डेस्मंड हर्स्टने दिग्दर्शित केलेला आणि अ‍ॅलेस्टर सिमची भूमिका असलेला कृष्णधवल 'स्क्रूज'. पटकथाकार नोएल लँगलीने भूतकाळाचा भाग पुस्तकापेक्षा बराच वाढवला आहे, आणि पुस्तकाशी इमान राखण्याचा कितीही आग्रह असला तरी ही वाढ मला मनापासून मान्य आहे. स्क्रूजची आई त्याच्या जन्माच्या वेळी गेली आणि बापाने त्याला कधी क्षमा केली नाही, असे हा चित्रपट सांगतो. पुस्तकातली बहीण फॅन त्याच्याहून लहान असल्याने हे मूळ हिशेबात बसत नाही, तरीही त्यातून एक साखळी तयार होते: फॅनही फ्रेडला जन्म देऊन मरते, आणि स्क्रूज आपल्या भाच्याचा नेमका तसाच राग धरतो जसा बापाने त्याचा धरला होता. मरणाऱ्या बहिणीच्या खाटेपासून तरुण स्क्रूज तडकाफडकी निघून जातो. त्यानंतर तिने 'माझ्या मुलाला सांभाळ' म्हणून केलेली विनवणी त्याने कधी ऐकलेलीच नसते. ती म्हातारा स्क्रूज इतक्या वर्षांनी, भुताच्या शेजारी उभा राहून पहिल्यांदा ऐकतो. सिमचा चेहरा तिथे असा कोसळतो की पालटाची सुरुवात कुठे झाली, हे वेगळे सांगावे लागत नाही.

याच चित्रपटाने जॉर्किन नावाचे एक नवे पात्र आणले आहे. हा माणूस गोड बोलून तरुण स्क्रूजला फेझिविगच्या पेढीतून फोडतो, पुढे स्वतःच अफरातफरीत सापडतो, आणि बुडणारी कंपनी सावरण्याच्या मोबदल्यात स्क्रूज आणि मार्ली तिचे निम्म्याहून अधिक भाग आपल्याकडे घेतात. माणूस एका दिवसात दगड होत नाही, सौद्यामागून सौदा करत होतो, हे या प्रसंगांतून दिसते. मार्ली अखेरच्या घटका मोजत असताना स्क्रूज कचेरी बंद होण्याची वेळ झाल्याशिवाय जागचा हलत नाही, हा प्रसंग तर मला मार्लीच्या भुतापेक्षा अधिक थंडगार वाटतो. आणि मायकेल हॉर्डर्नने वठवलेले ते भूत काही कमी ओरडत नाही.

सिमच्या अभिनयातली खरी हुशारी मात्र नकारात आहे. त्याचा स्क्रूज दुसऱ्या आणि तिसऱ्या भुताला परोपरीने सांगतो की मी आता म्हातारा झालो, माझ्याकडून हे व्हायचे नाही, सुधारायचे तर एखादा तरुण गडी बघा. हा मुद्दा डिकन्सने असा लिहिलेला नाही, पण तो मानवी स्वभावाला धरून आहे, कारण एका वयानंतर बदलाला विरोध करतो तो दुष्टपणा नसून बहुधा उशीर झाल्याची खात्री असते. म्हणूनच नाताळच्या सकाळी जाग आल्यावर तो डोक्यावर उभा राहतो आणि घरकाम करणारी मिसेस डिल्बर किंचाळत पळते, तेव्हा हसू येते आणि ते खोटे वाटत नाही. पुढे फ्रेडच्या दारात तो घुटमळतो, नोकरपोरीकडे पाहतो, ती मानेने धीर देते, आणि आत 'बार्बरा अ‍ॅलन' हे जुने लोकगीत चाललेले असते. कितीदा पाहिले तरी माझा या प्रसंगात आवंढा अडकतो.

दुसरा क्रमांक १९८४ च्या दूरदर्शनपटाचा, ज्यात जॉर्ज सी. स्कॉट आहे. दिग्दर्शक क्लाइव्ह डॉनर हा १९५१ च्या चित्रपटाचा संकलक होता, हे कळल्यावर दोन्ही पाठोपाठ पाहण्याची मजा वाढते. चित्रण श्रूसबरी गावात झाले, आणि स्क्रूजच्या नावाची थडग्याची शिळा तिथल्या सेंट चॅड्स चर्चच्या आवारात चित्रीकरणानंतरही राहिली. स्कॉटचा स्क्रूज मुळीच वाकलेला, किरकिरा म्हातारा नाही. तो धडधाकट, हजरजबाबी, बाजारात दबदबा असलेला व्यापारी आहे. धान्याच्या सौद्यात समोरच्यांनी एक दिवस घालवला म्हणून तो त्याच जागी भाव वाढवतो, आणि त्यात त्याला सुख होते. भुतांशीही तो वादच घालतो. प्रत्येक दृश्यानंतर त्याच्याजवळ एक सबब तयार असते, आणि सबब संपत जाते तसा तो हरत जातो. एडवर्ड वुडवर्डचे दुसरे भूत या व्यापाऱ्याला तोडीस तोड मिळाले आहे. 'जादा लोकसंख्या'चे शब्द ते स्क्रूजला परत देते तेव्हा त्याच्या आवाजात चीड आहे, उपदेश नाही. पुलाखाली शेकोटीपाशी बसलेल्या बेघर कुटुंबाचा एक नवा प्रसंग इथे घातला आहे आणि 'अज्ञान' व 'गरज' यांच्या दर्शनानंतर भूत त्याला त्याच ओसाड जागी सोडून जाते. डिकन्सचा राग सर्वांत शाबूत राहिला आहे तो या चित्रपटात.

तिसऱ्या जागी मी बाहुल्यांचा चित्रपट ठेवतो याचे काहींना हसू येईल. १९९२ च्या 'द मपेट ख्रिसमस कॅरल'मध्ये बॉब क्रॅचिट बेडूक आहे आणि मार्ली एक नसून दोन भाऊ आहेत, तरी डिकन्सची स्वतःची वाक्ये सर्वांत जास्त कानावर पडतात ती बहुधा इथेच, कारण गॉन्झो हा बाहुला खुद्द डिकन्स बनून कथा सांगत फिरतो आणि रिझो नावाचा उंदीर त्याला टोकत राहतो. या गोष्टीचा निम्मा स्वाद निवेदकाच्या खट्याळ आवाजात आहे आणि इतर पटकथाकार तोच आधी कापतात. मायकेल केनने आजूबाजूला सगळी माणसेच आहेत अशा गांभीर्याने स्क्रूज उभा केला, हे शहाणपण ठरले. 'अज्ञान' आणि 'गरज' इथे नाहीत ही खरी उणीव. स्क्रूजची तरुणपणीची वाग्दत्त वधू बेल हिचे विरहगीत चित्रपटगृहांसाठी कापले गेले होते. ते नसेल तर केनचा स्क्रूज पुढे कशाने विरघळला हे उमगत नाही, म्हणून गाणे असलेली आवृत्ती मिळाली तर तीच पाहावी.

रिचर्ड विल्यम्सचा १९७१ चा व्यंगपट जेमतेम पंचवीस मिनिटांचा असूनही खाणकामगार, दीपगृह आणि समुद्रावरचे जहाज ही सहसा गाळली जाणारी दृश्ये त्यात आहेत. लीचच्या चित्रांचा वास त्याच्या रेषेला आहे आणि सिम व हॉर्डर्न यांनीच आपापल्या जुन्या पात्रांना पुन्हा आवाज दिला आहे. त्याला ऑस्कर मिळाले ते रास्तच होते.

बाकीच्यांना मी लवकर निरोप देतो. १९७० च्या संगीतपटात अल्बर्ट फिनी गातो झकास, परंतु त्याला थेट नरकात ढकलल्यावर त्याचे सुधारणे म्हणजे निव्वळ घाबरणे ठरते. २००९ च्या झेमेकिसच्या चित्रपटात संवाद पुस्तकाला धरून आहेत, 'अज्ञान' आणि 'गरज'ही अंगावर येतात, पण मग जिम कॅरीच्या स्क्रूजला बोटाएवढा करून लंडनभर पळवत नेण्याचा जो उद्योग चालतो, त्यात तिसऱ्या भुताचा सारा दरारा वाहून जातो. १९९९ चा पॅट्रिक स्टुअर्ट स्वच्छ आणि प्रामाणिक आहे, किंचित कोरडाही. २०१९ ची गाय पिअर्सची तीन भागांची मालिका इतकी काळवंडलेली आहे की त्या स्क्रूजला क्षमा करावी, असे मालिकेलाच वाटत नसावे.

शेवटी कचेरीतल्या प्रसंगाबद्दल सांगितलेच पाहिजे. पुस्तकात स्क्रूज नाताळच्या दिवशी फ्रेडकडे जेवतो आणि बॉबची फिरकी घेतो ती दुसऱ्या दिवशी सकाळी, तो उशिरा कामावर येतो तेव्हा. १९३८ च्या चित्रपटाने, फिनीने आणि मपेट मंडळींनी घाई करून स्क्रूजला नाताळलाच क्रॅचिटच्या घरी धाडले, त्यामुळे हा प्रसंग हातचा गेला. सिम आणि स्कॉट या दोघांनी तो राखला आहे. स्कॉट तो रुबाबात करतो, पक्का सौदेबाज आज स्वखुशीने तोट्याचा व्यवहार करतोय असा. सिमला मात्र खोटा राग धरवत नाही. त्याला हसू फुटते, इतक्या आनंदाची आपली लायकी नाही असे तो म्हणतो, पण आवरता येत नाही म्हणून हातातली लेखणी खांद्यावरून मागे भिरकावतो. स्कॉटच्या स्क्रूजला आपल्या आनंदाचा संकोच वाटत नाही आणि सिमच्या स्क्रूजला वाटतो, एवढ्या फरकाने १९५१ चा चित्रपट माझ्या लेखी अर्धे पाऊल पुढे राहतो.