पिशवी उघडायच्या आधी नाडी

अण्णांचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि पोटाच्या डाव्या बाजूला कोलोस्टॉमीची पिशवी लागली, म्हणजे शी आता पोटावरच्या छिद्रातून त्या पिशवीत जमा होणार. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरनी सगळं शिकवलं. स्टोमा, म्हणजे पोटावर बाहेर काढलेलं आतड्याचं तोंड, मोजायचा, बॅगेचं भोक त्याहून २-३ मिलिमीटर मोठं कापायचं, बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. मी भराभर लिहून घेतलं. निघताना त्या म्हणाल्या, "ताई, बॅगेला हात लावायच्या आधी ताप, नाडी, बीपी बघत जा." ते मात्र माझ्याकडून लिहायचं राहिलं.

पहिले चार दिवस मी बॅग बदलून झाल्यावर बीपी घ्यायची. रोज १५०च्या पुढे. लेकीसमोर पोट उघडं टाकून पडायचं म्हणजे अण्णा आखडून जायचे, तोंड भिंतीकडे. त्यात बीपी वाढणारच. मग क्रम बदलला. सकाळी चहाच्या आधी, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसायचं, हात छातीच्या उंचीला उशीवर. आता १२८/८०, नाडी ७६. हे अण्णांचे खरे आकडे. वहीत शेजारी स्टोमाचा रंगही लिहायची: लाल, ओलसर. जांभळट किंवा काळपट दिसला तर तडक हॉस्पिटल गाठायचं, हे सिस्टरनी दोनदा बजावलं होतं.

बाराव्या दिवशी पातळ व्हायला लागलं. संध्याकाळपर्यंत बॅग पाच वेळा रिकामी केली. अण्णा म्हणाले, "काही नाही गं, जरा गळाल्यासारखं वाटतंय." ताप नाही, ऑक्सिजन ९७, स्टोमाही लाल. पण नाडी १०८. ऑक्सिमीटर चुकत असेल म्हणून मनगट धरून घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजली. १०६. वरचं बीपी बसून ११०, उभं केलं तर ८८, आणि त्यांनी माझा खांदा गच्च धरला. लघवी सकाळपासून एकदाच, तीही गडद पिवळी.

डॉक्टरांना फोन लावून वहीतले आकडे वाचून दाखवले, आधीच्या आठवड्याचेही. "बीपीची गोळी आज देऊ नका, लगेच घेऊन या." अंगातलं पाणी कमी झालं होतं. रात्रभर सलाईन चाललं. सकाळी नाडी ८२.

तेव्हापासून पातळ झालं की उभं करूनही बीपी घेते. मागे खुर्ची ठेवून, आणि एक हात अण्णांच्या पाठीवर.